सनमायका सुटला म्हणून ओटा तोडू नका

गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत मी जितक्या स्वयंपाकघरांत काम केलं, त्यांतल्या बहुतेक जुन्या ओट्यांखाली लाकडाचा खोका नसतोच. उभे कडप्पे, आडवे कडप्पे, वर ग्रॅनाइट आणि पुढं लाकडी चौकटीत सनमायका मारलेले पल्ले. घरची माणसं म्हणतात, "मिस्त्री, फर्निचर सडलं. सगळं काढून मॉड्युलर करून द्या." मी म्हणतो, "वहिनी, आधी डबे बाहेर काढा, आत बॅटरी मारून बघू." कडप्पा जसाच्या तसा असतो. सडलेला असतो सिंकखालचा एखादा पल्ला, त्याचीही खालची चार बोटं. तेवढ्यासाठी ओटा तोडायचा, टाइल्स फोडायच्या आणि लाखाच्या वर खर्च करायचा, हे मला पटत नाही. नव्याच्या नावानं घरात येणारा बराच माल त्या कडप्प्याच्या पासंगालाही पुरत नाही.

सनमायका हा मुळात कागद आहे. तपकिरी जाड कागदाचे थर फिनॉलच्या राळेत भिजवतात, वरचा नक्षीचा कागद मेलामाइनच्या राळेत, आणि सगळं 140 ते 150 अंश तापमानात प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. त्यातून साधारण 1 मिलिमीटर जाडीचा पत्रा तयार होतो. 1912 साली अमेरिकेत वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या अभियंत्यांनी असा थरांचा पदार्थ बनवला, तो विजेच्या यंत्रांतल्या अभ्रकाच्या जागी वापरायला. पुढच्याच वर्षी त्यांची फॉर्मिका कंपनी निघाली. टेबलं आणि स्वयंपाकघरं नंतर आली. म्हणून तर वीस-पंचवीस वर्षं फोडणीचे शिंतोडे सोसूनही पत्र्याचा मधला भाग शाबूत दिसतो. बिघडतो तो पत्र्यामागचा गोंद, नाहीतर गोंदामागचा बोर्ड. यातलं नेमकं काय गेलंय हे कळल्याशिवाय मी खर्चाचा अंदाज सांगत नाही.

पल्ल्यावर बोटानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर पत्रा आतून सुटलाय किंवा वाळवीनं आत घर केलंय. मग खालच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक अडलं तर प्लाय जिवंत आहे. भुसा निघाला किंवा कड फुगून जाड झाली असेल तर तो पार्टिकल बोर्ड आहे. लाकडाचा भुसा राळेत दाबून तो बनतो. आपल्या जिल्ह्यातले मजूर जो ऊस तोडायला जातात, त्याच्या चिपाडापासूनही असा बोर्ड होतो. कोरड्या खोलीतल्या कपाटाला तो चालेल. पण एकदा पाण्यानं फुगला की परत बसत नाही. तिथं दुरुस्तीत पैसा घालू नका, तेवढा पल्ला बदला. नवा प्लाय घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस 303 मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात, त्यातला एमआर ओलाव्यापुरता, सिंकजवळ नको. तिथं बीडब्ल्यूआर घ्या किंवा आयएस 710 चा मरीन प्लाय. दुकानदारानं तोंडी सांगितलेलं "वॉटरप्रूफ" मी धरत नाही.

बोर्ड चांगला आणि फक्त कड उचकटली असेल तर काम सोपं आहे. आतला जुना गोंद खरवडून काढायचा, धूळ पुसायची, फेविकॉल भरायचा आणि शिकंजा लावून रात्रभर सोडायचं. पूर्ण पल्ल्याचा रंगच नको झाला असेल तर जुन्यावर नवा पत्रा मारता येतो, मात्र जुना सगळीकडं घट्ट हवा. आधी तेलकटपणा साबणाच्या पाण्यानं घालवायचा, वाळल्यावर 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी उतरवायची. जाडी वाढते, म्हणून दोन पल्ल्यांमधली फट आधी तपासायची. नाहीतर शेजारचा पल्ला घासतो. एका बाजूला पत्रे वाढले की पल्ला बाक धरू शकतो, म्हणून आतूनही पातळ लायनर मारलेला बरा. रबरी गोंद वापरणार असाल तर दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावरच जोडायचा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो पसरवता पसरवताच वाळतो, तेव्हा हे काम सकाळीच उरका. त्याची वाफ पेट घेते. शेगडी बंद, सिलिंडर बाहेर, खिडक्या उघड्या. यात मी कुणाचंच ऐकत नाही.

रंग मी शेवटी सुचवतो. पॉलिश पेपर मारून, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर लावून, वर पीयू रंगाचे पातळ हात दिले तर भिंतीतली कपाटं खरंच छान दिसतात. ओट्याखाली मात्र हंडे-कळश्या आदळतात आणि रंगाचे टवके उडतात. साधा पांढरा ऑइल पेंट तर काही वर्षांत पिवळा पडतो. चिकटवायच्या प्लॅस्टिक कागदाचा कोपरा शेगडीजवळ उचलतोच.

पुष्कळदा पत्र्याला हातही लावावा लागत नाही. पल्ला लोंबकळतो, कारण बिजागरीच्या स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं. भोकात गोंद लावलेली लाकडाची खुंटी ठोकून, वाळल्यावर नव्यानं स्क्रू पिळला की पल्ला सरळ होतो. मुठी बदलायच्या तर दोन भोकांमधलं अंतर मोजून बाजारात जा, म्हणजे नवी भोकं पाडावी लागत नाहीत.

आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पिंप आणि घागरी ओट्याला टेकूनच असतात. सांडलेलं पाणी पल्ल्याची कड पिते. नवा पल्ला फरशीपासून दोन-तीन बोटं वर ठेवून घ्या, त्याची खालची कडही पट्टी लावून बंद करून घ्या. ती दिसत नाही म्हणून कारागीर सोडून देतात. पाइप आत जातो तिथली फट सिलिकॉननं भरा.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या घरांना एक वेगळी विनंती. घर पाच-सहा महिने बंद राहतं आणि वाळवीला मोकळं रान मिळतं. जाताना कप्प्यांत अंथरलेली वर्तमानपत्रं काढून टाका, वाळवीला कागद फार आवडतो. पल्ले किलकिले ठेवा, सिंकखालचा कॉक बंद करा. परतल्यावर भिंतीवरून मातीची बारीक नळी कपाटाकडं गेलेली दिसली तर नुसती पुसू नका. आधी वाळवीचं औषध मारून घ्या, मग मिस्त्रीला बोलवा.