वेरूळ-अजिंठा झालं? आता पितळखोरा!

आपल्या संभाजीनगरकरांची पितळखोऱ्याची लेणी बघायला जायची टाळाटाळ मला कळतच नाही. कन्नडच्या पुढे, गौताळा अभयारण्याजवळ, सातमाळा डोंगराच्या दरीत पायऱ्या उतरून जायचं. काम इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनचं, म्हणजे वेरूळहून कितीतरी जुनं. दगड ठिसूळ, पडझड बरीच. पण ती हत्तींची रांग, दाराशी उभे द्वारपाल... आणि जिन्याजवळचा पाच फण्यांचा नाग! खडकात खोदलेल्या नळीतून आलेलं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडायचं. इथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीवर घडवणाऱ्याचं नावही आहे: कण्हदास, पेशाने सोनार. ती मूर्ती मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. पावसाळ्यात दरी हिरवीगार, पायऱ्या निसरड्या. चांगले बूट घाला. डबा-पाणी घरूनच न्या.