एका क्षणाचे नाव : क्रीडास्मृतीतील भाषिक संक्षेप

१

खेळाडूची मैदानावरील कारकीर्द दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षे चालते. लोकांच्या स्मरणात मात्र पुष्कळदा त्यातील एकच दिवस उरतो, आणि त्या दिवसातीलही एखादाच प्रसंग. हा प्रसंग मोठा होता म्हणून तो राहिला, असे याचे स्पष्टीकरण सामान्यतः देण्यात येते. ते अपुरे आहे. तितक्याच मोलाच्या कित्येक खेळी, झुंजी आणि शर्यती विस्मरणात गेलेल्या आहेत. जो प्रसंग टिकतो त्याला भाषेने एक आटोपशीर रूप दिलेले असते. तो दोन-तीन शब्दांत सांगता येतो, ऐकणाऱ्याला तेवढ्यानेच कळतो आणि पुढच्या माणसाला जसाच्या तसा सांगता येतो. या रूपाला येथे ‘भाषिक संक्षेप’ असे म्हटले आहे. मराठी भाषकांच्या क्रीडास्मृतीत हा संक्षेप कोणकोणत्या मार्गांनी घडतो, आणि त्याच्या योगाने त्या खेळाडूचा लाभ होतो की हानी, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

२

पहिला मार्ग संख्येचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या मैदानावर महाराष्ट्र व काठियावाड यांच्यातील रणजी सामन्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० मधील नाबाद ४५२ धावांचा विक्रम त्या वेळी अवघ्या ९ धावांवर होता. परंतु मध्यंतरात काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार दिला, आणि महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ असताना सामना तेथेच संपला. भारतीय फलंदाजाने प्रथम श्रेणीच्या सामन्यात चारशेची मर्यादा ओलांडल्याचे ते आजवरचे एकमेव उदाहरण होय. निंबाळकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. २०१२ साली ते निवर्तले तेव्हाही त्यांच्या नावाशेजारी प्रथम उभी राहिली ती हीच संख्या.

‘निंबाळकरांच्या चारशे त्रेचाळीस’ या शब्दप्रयोगाची घटना पाहण्यासारखी आहे. त्यातून ‘धावा’ हे नाम गळलेले आहे; तथापि ‘च्या’ या प्रत्ययात त्याचे स्त्रीलिंग व अनेकवचन शिल्लक राहिले आहे. म्हणजे वगळलेला शब्द व्याकरणाने जपून ठेवला आहे, आणि ऐकणारा तो नकळत भरून घेतो. शिवाय मराठीत शंभरापर्यंतच्या संख्यांची नावे बहुधा नियमाने साधता येत नाहीत. ‘त्रेचाळीस’, ‘शेहेचाळीस’ ही रूपे एकेकटी पाठ करावी लागतात. त्यामुळे अशी संख्या उच्चारताना एखादे विशेषनाम उच्चारल्यासारखा परिणाम होतो.

संख्येचा दुसरा गुण असा की ती भाषेची सीमा सहज ओलांडते. याचा प्रत्यय वसई-विरारच्या परिसरात विशेष येतो. जुन्या वसईत सामवेदी, वाडवळी, आगरी या बोली नांदत आलेल्या आहेत. वसई पूर्वेस उभ्या राहिलेल्या एव्हरशाईन सिटीसारख्या नव्या वसाहतींत मराठीच्या शेजारी हिंदी व गुजराती या भाषा रोज कानी पडतात. अशा ठिकाणी एखाद्या खेळीचे वर्णन भाषेगणिक बदलते. आकडा मात्र छापील रूपात सर्वांना सारखाच कळतो. वसई रोडपासून दोन स्थानके पुढे असलेल्या विरारमध्ये ज्याचे बालपण गेले, त्या पृथ्वी शॉ याने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. त्या वेळी त्याचे वय १४ वर्षांचे होते. ‘पाचशे शेहेचाळीसवाला मुलगा’ एवढे म्हटले की घराघरांत ओळख पटावी, अशी ही संख्या होती. ‘वाला’ हा प्रत्यय येथे संख्येला थेट जोडला जातो आणि तिला माणसाची खूण बनवितो.

पुढे या खेळाडूच्या नावावर आणखीही काही जमा झाले. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला. त्याच वर्षी राजकोट येथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३४ धावा केल्या. आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबईकडून आसामविरुद्ध त्याने काढलेल्या ३७९ धावा रणजी स्पर्धेत निंबाळकरांच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाच्या ठरल्या. असे असूनही चौदाव्या वर्षी लागलेली खूण मागे पडत नाही. प्रत्येक नवी खेळी तिच्याशी ताडून पाहिली जाते. कल्याणच्या प्रणव धनावडे याने जानेवारी २०१६ मध्ये आंतरशालेय सामन्यात नाबाद १,००९ धावा केल्या, तेव्हा त्याच्याही वाट्याला हेच आले. चार अंकी धावसंख्या त्यापूर्वी कोणत्याही सामन्यात कोणी गाठली नव्हती. जी संख्या पुन्हा गाठणे जवळजवळ अशक्य, ती ज्याचे नाव होते, त्या मुलाचे पुढचे प्रत्येक यश लहान दिसू लागते. संख्यारूप संक्षेपाची ही उघड हानी होय.

३

दुसरा मार्ग षष्ठी विभक्तीचा व दर्शक सर्वनामाचा. १८ जानेवारी १९९८ रोजी ढाका येथे बांगलादेशाच्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरविलेल्या स्पर्धेचा तिसरा व निर्णायक अंतिम सामना भारत व पाकिस्तान यांच्यात झाला. पाकिस्तानने ४८ षटकांत ३१४ धावा केल्या होत्या. सौरव गांगुली यांच्या १२४ व रॉबिन सिंग यांच्या ८२ धावांनी भारताला विजयाच्या जवळ आणले. अंधारून येत असता अखेरच्या दोन चेंडूंत ३ धावा हव्या होत्या. पुण्याचे डावखुरे फलंदाज हृषीकेश कानिटकर यांनी सकलेन मुश्ताक यांचा चेंडू सीमापार धाडला, आणि त्या काळापर्यंतचा धावांचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग पुरा झाला.

‘कानिटकरांचा चौकार’ असे म्हटल्यावर कोणता चौकार, असा प्रश्न मराठी श्रोता विचारीत नाही. कानिटकरांनी आयुष्यात शेकडो चौकार मारले. तरीही येथे एकवचनच येते आणि ते एकाच प्रसंगाकडे बोट दाखविते. इंग्रजी, फ्रेंच, अरबी इत्यादी भाषांत हे काम निश्चित उपपदाकडे असते. मराठीत तसे उपपद नाही. त्याची जागा काही अंशी षष्ठी भरून काढते आणि काही अंशी ‘तो’ हे दर्शक सर्वनाम. ‘तो चौकार आठवतो का?’ या वाक्यातील ‘तो’ समोरील वस्तू दाखवीत नाही. बोलणारा व ऐकणारा यांच्या सामाईक स्मरणातील वस्तू दाखवितो. ज्याला ‘तो’ कळला तो त्या स्मरणाचा भागीदार ठरतो. पुढच्या पिढीतील मुलाला हा चौकार प्रत्यक्ष पाहिलेला नसला तरी ‘तो’ या शब्दाबरोबरच वारशाने मिळतो.

परंतु हे ‘तो’ जितके जवळीक साधणारे तितकेच वगळणारेही आहे. कानिटकर दोन कसोटी व ३४ एकदिवसीय सामने खेळले. प्रथम श्रेणीत त्यांच्या १०,००० हून अधिक धावा आहेत. २०१०-११ व २०११-१२ अशी लागोपाठ दोन वर्षे राजस्थानने रणजी करंडक जिंकला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यापूर्वी राजस्थानने हा करंडक एकदाही जिंकलेला नव्हता. क्रिकेटच्या दृष्टीने पाहता एका चेंडूवरील फटक्यापेक्षा हे काम कितीतरी दीर्घ व अवघड होय. मात्र दोन मोसमांचे नेतृत्व एका नामात व एका विभक्तिप्रत्ययात मावत नाही. ते सांगावयास वाक्ये लागतात.

४

तिसरा मार्ग क्रियापदाच्या काळाचा. नाशिकचे बापू नाडकर्णी यांनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली. लागोपाठ १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डावाअखेर त्यांचे पृथक्करण ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी असे होते. येथे स्मरणात राहिलेली घटना म्हणजे वस्तुतः काही न घडणे होय. ‘निर्धाव’ हा शब्द अभाववाचक ‘निर्’ उपसर्गाने साधलेला आहे, आणि तो मराठीत सुटसुटीत होऊन बसला नसता तर ही न-घटना सांगणे कठीण झाले असते. आकाशवाणीवरील मराठी धावत्या समालोचनाने, त्यातही बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी, असे शब्द श्रोत्यांच्या कानांत रुजविले.

नाडकर्णी नेमकी व कंजूष गोलंदाजी ‘करीत असत’, हे रीतिभूतकाळातील विधान त्यांच्या ४१ कसोटी सामन्यांना लागू पडते. मद्रासला त्यांनी २१ षटके ‘टाकली’, हे साध्या भूतकाळातील विधान एका दुपारला लागू पडते. रीतिभूतकाळ सवय सांगतो. त्यात कथा नसते. साधा भूतकाळ कथा सांगतो, म्हणून तोच तोंडी राहतो. परिणामी त्याच मालिकेत कानपूर येथे नाडकर्णी यांनी केलेल्या नाबाद ५२ व नाबाद १२२ धावा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मद्रास येथेच ऑस्ट्रेलियाचे घेतलेले ११ बळी, हे साध्या भूतकाळात सांगण्याजोगे असूनही मागे पडले. एका खेळाडूविषयी लोक बहुधा एकच कथा जवळ बाळगतात, आणि आधी रुजलेली कथा दुसरीला सहसा जागा देत नाही.

५

चौथा मार्ग सर्वांत दूर जातो. त्यात खेळाडूचे नाव सामान्यनाम, विशेषण वा क्रियावाचक शब्द बनते. १९६८ साली मेक्सिको सिटी येथे बॉब बीमन यांनी ८.९० मीटर लांब उडी मारून पूर्वीचा विक्रम एकदम ५५ सेंटिमीटरने मागे टाकला. त्यावरून ‘बीमनेस्क’ हे विशेषण इंग्रजीत आले, आणि अनपेक्षित भव्य पराक्रमास ते लावण्यात येऊ लागले. १९७६ च्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोनिन पानेंका यांनी गोलरक्षक झेपावल्यावर चेंडू हलकेच मध्यभागी उचलून टाकला. तशा पेनल्टीला आज सर्वत्र ‘पानेंका’ म्हणतात. या दोघांच्या बाबतीत शब्द गौरवाचा आहे.

विनू मंकड यांच्या बाबतीत तसे झाले नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत चेंडू टाकण्यापूर्वीच पुढे सरकणारे ऑस्ट्रेलियाचे बिल ब्राउन यांना त्यांनी धावबाद केले. ही कृती नियमास धरून होती. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात ब्राउन यांना त्यांनी इशाराही दिला होता, आणि प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. तरीही त्यांच्या नावावरून ‘मंकडिंग’ हा शब्द झाला, आणि त्याला अखिलाडूपणाचा वास चिकटला. हा शब्द इंग्रजीतून मराठी वृत्तपत्रांतही आला. १९५२ साली लॉर्ड्स येथे ७२ व १८४ धावा आणि एका डावात ५ बळी मिळविणारा, १९५६ साली पंकज रॉय यांच्यासह ४१३ धावांची सलामी देणारा हा अष्टपैलू खेळाडू अशा रीतीने एका शंकास्पद कृतीचे नाव झाला. सुनील गावसकर यांनी या शब्दास जाहीरपणे आक्षेप घेतला होता. ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालेल्या बदलानुसार ही कृती नियमावलीतील ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’ या कलमात घालण्यात आली. नियम दुरुस्त झाला. शब्द मात्र नियमाबरोबर बदलत नाही. तो बोलणारे व लिहिणारे यांनीच सोडावा लागतो.

६

पाचवा मार्ग क्रमवाचक विशेषणाचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते ‘पहिले’ वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे वैयक्तिक पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. म्हणजे ४४ वर्षे हे ‘पहिले’ एकमेवही होते. क्रमवाचक संक्षेपाची शक्ती अशी की तो कधीही मोडत नाही. आकड्याचा विक्रम मागे पडू शकतो, ‘पहिले’ मागे पडत नाही. पण त्याने काही झाकलेही जाते. १९४८ साली लंडनला हेच जाधव फ्लायवेट गटात सहावे आले होते. मातीत कुस्ती खेळत आलेल्या मल्लाने मॅटवर मिळविलेले ते स्थान, आणि १९५२ च्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून उभे केलेले ७,००० रुपये, या गोष्टी ‘पहिले’ या शब्दात मावत नाहीत. त्या सांगितल्या तरच ते पदक कसे आले हे कळते.

७

वरील पाचही मार्गांत एक समान गोष्ट दिसते. संक्षेप खोटा नसतो. तो अपुरा असतो. त्याच्यावाचून निंबाळकर आजच्या वाचकापर्यंत बहुधा पोहोचलेच नसते, हे मान्य केले पाहिजे. जो खेळाडू कसोटी खेळला नाही त्याला भाषेनेच एक स्थान मिळवून दिले. म्हणून संक्षेपाला विरोध करण्यात अर्थ नाही. आवश्यक आहे ती एवढीच दक्षता, की चरित्रकोशातील नोंद, पाठ्यपुस्तकातील परिच्छेद वा वृत्तपत्रातील मृत्युलेख लिहिताना सर्वपरिचित दोन-तीन शब्दांना लागून आणखी एक पूर्ण वाक्य यावे. ‘कानिटकरांचा चौकार’ यानंतर राजस्थानचे दोन करंडक यावेत; ‘२१ निर्धाव षटके’ यानंतर कानपूरचे शतक यावे; ‘पहिले पदक’ यानंतर लंडनचा सहावा क्रमांक यावा. मंकड यांच्या बाबतीत तर आधी एक शब्द सोडावयाचा आहे, आणि ‘धावबाद’ हा त्यासाठी पुरेसा शब्द मराठीत पूर्वीपासून आहे.