उघडा कारभार : सोमवार, दुपारी तीन ते पाच

माहिती अधिकार कायद्यातल्या दुसऱ्या अपिलाचा विषय आज घेणार होतो, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. लांज्याच्या एका वाचकाने कळवलेली शंका आधी निकालात काढायला हवी. राज्य माहिती आयोगाच्या वार्षिक अहवालात अर्जांची संख्या वाढलेली दिसली, तर सरकार जास्त खुले झाले असे समजायचे की जास्त बंद? कलम 25 नुसार आयोग दरवर्षी हा अहवाल करतो आणि तो विधिमंडळापुढे ठेवला जातो. त्यात अर्ज किती आले, किती नाकारले व कोणत्या कलमाखाली, अपिले किती झाली, शुल्क किती जमले, किती अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, हे सगळे यावे लागते. म्हणजे मागितलेल्या माहितीचा हिशेब पुरेपूर. न मागता दिलेल्या माहितीसाठी मात्र कायद्याचा हेतू राबवण्याचे काय प्रयत्न झाले, एवढेच मोघम कलम आहे. तिथे आकडा कोणी मागत नाही. आणि कायद्याचा खरा पाया तर तोच! कलम 4 ने प्रत्येक कार्यालयाला सतरा प्रकारची माहिती 120 दिवसांत आपणहून जाहीर करायला लावली, आणि लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागावा, असा उद्देशही तिथेच लिहून ठेवला. त्या मापाने अर्ज वाढणे हे अपयश ठरते. पण अर्ज घटले म्हणून आनंद मानण्यातही अर्थ नाही, कारण उत्तर मिळत नाही म्हणून थकलेला माणूसही अर्ज करायचे सोडतो. नुसत्या संख्येवरून दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नाही.

सातबाऱ्याचे पाहा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जमिनीचे तुकडे लहान, एकेका उताऱ्यावर सामाईक नावांची रांग, आणि त्यांतले निम्मे खातेदार मुंबईला. तलाठ्याकडे खेप घातल्याशिवाय उतारा हातात पडत नसे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. राज्याने खुलेपणात टाकलेले हे फार मोठे पाऊल आहे, असे मी ठामपणे म्हणतो. पण त्यामुळे किती अर्ज करावे लागले नाहीत, हे आयोगाच्या अहवालात कुठे दिसणार? न झालेल्या अर्जाला रकाना नसतो.

म्हणूनच 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाला मी वार्षिक अहवालापेक्षा जास्त महत्त्व देतो. पुणे महापालिकेत आधीपासून चालू असलेली पद्धत त्या निर्णयाने राज्यभर नेली : जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांनी येऊन अभिलेख पाहावेत. राज्याच्या 2012 च्या नियमाने अर्जाला 150 शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा घातली. फायलीत कोणता कागद आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो 150 शब्दांत नेमके काय मागणार? फाइल समोर उघडली की तो प्रश्नच उरत नाही. फाइल उघडी असण्याचे मोल किती, ते आपल्याच जिल्ह्यात दिसले : तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती असल्याचे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. त्या तक्रारीवर पाहणी कोणी केली, शेरा काय मारला, दुरुस्तीत नेमके काय केले, हे धरणाखाली राहणाऱ्याला पावसाआधी वाचता आले पाहिजे. आपल्या निर्णयाची कारणे बाधित माणसांना सांगणे हेही कलम 4 मधलेच बंधन आहे. कागद दिसला असता तर धरण टिकले असते असा माझा दावा नाही. मात्र त्या रात्री तिथे झोपायचे की नाही, हे ठरवायला माणसांच्या हाती काहीतरी असते.

यावर कार्यालयांतून येणारी पहिली हरकत अशी, की सोमवारी कोणी फिरकतच नाही. मंडणगडच्या माणसाला रत्नागिरीत तीन वाजता पोचायचे तर अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, हे त्या हरकतीत धरलेले नसते. कोणकोणत्या फायली आहेत त्याची सूचीच लावलेली नसेल, तर येऊन तो पाहणार काय? अभिलेखांची अशी सूची ठेवणे हेही कलम 4 नेच सांगितले आहे. दुसरी हरकत जास्त वजनाची : माहिती काढून कर्मचाऱ्यांना आणि ठेकेदारांना नाडणारे लोक आहेत. आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिले जाते. पण त्यांचा धंदा चालतो तो कागद झाकलेला असतो म्हणून. जो कागद दर सोमवारी कोणालाही पाहता येतो, त्याची भीती घालून पैसे कसे मागणार? कोणाची खासगी माहिती असेल तर तेवढा भाग वगळून बाकीचा दाखवण्याची सोय कलम 10 मध्ये आहेच.

तेव्हा लांज्याच्या वाचकाला माझे उत्तर असे : अर्जांची संख्या बाजूला ठेवा आणि सोमवारची नोंदवही मागा. किती जण आले, कोणत्या फायली पाहिल्या, कोणत्या दाखवल्या नाहीत व का, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक कार्यालयाने लिहून ठेवल्या आणि आयोगाने त्या जिल्हावार छापल्या, तर दोन वर्षांची तुलना करायला काही अर्थ राहील. कलम 25 मध्ये सुधारणेच्या शिफारशी करायची मुभा आयोगाला आहे, त्यामुळे कायदा बदलावा लागणार नाही. पुढच्या आठवड्यात दुसरे अपील : पहिल्या अपिलाला 45 दिवसांची कमाल मुदत घालणाऱ्या कायद्याने आयोगाला मुदतच घातलेली नाही, आणि आपले खंडपीठ बसते ते बेलापूरला.