एन्टशायडुंग्सप्रोब्लेम: एका लांबलचक शब्दाची फोड

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला काम मिळालं: कुठलाही प्रोग्रॅम चालवण्याआधीच तो अडकेल का, हे सांगणारं टूल बनव. दोन आठवडे घासली, जमलं नाही. शेवटी एक सीनियर हसला, "अरे, हे होणार नाही, हे १९३६ मध्येच सिद्ध झालंय!"

त्यामागे एक जर्मन शब्द आहे: एन्टशायडुंग्सप्रोब्लेम. 'शायडन' म्हणजे वेगळं करणं. 'एन्ट' हा उपसर्ग लागला की 'एन्टशायडन', म्हणजे ठरवणं. 'उंग' लावून नाम झालं: निर्णय. मधला 'स' नुसता जोडणारा, आणि 'प्रोब्लेम' मूळचा ग्रीक. वेगळं करण्यातून ठरवणं आपल्याकडेही आहेच की! तांदूळ निवडतो, तसा निवाडाही करतो.

हिल्बर्ट आणि आकरमान यांनी १९२८ च्या पुस्तकात हा प्रश्न मांडला: तर्कशास्त्रातलं कुठलंही विधान दिलं, तर ते नेहमीच खरं आहे का, याचा निवाडा करणारी एकच ठरावीक पद्धत असेल का? १९३६ मध्ये अलोन्झो चर्च आणि ॲलन ट्युरिंग यांनी वेगवेगळ्या वाटांनी उत्तर दिलं: नाही. ट्युरिंगने तर पेपरच्या इंग्रजी शीर्षकातही हा जर्मन शब्द तसाच ठेवला.

म्हणूनच ॲप अडकलं की तुमचा फोन थोडी वाट बघतो आणि विचारतो: थांबायचं की बंद करायचं? निवाडा तुम्हीच करायचा.