जठराच्या कर्करोगाचे वर्गीकरण आणि गडचिरोलीतील रुग्ण

जठराचा कर्करोग हे नाव एक असले तरी आजार एक नाही. लॉरेन यांनी १९६५ मध्ये पेशीरचनेवरून त्याचे दोन मुख्य प्रकार मांडले. आंत्रसदृश प्रकारात पेशी ग्रंथींसारखी रचना करतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूमुळे दीर्घकाळ राहिलेल्या दाहातून तो बहुधा उतारवयात उद्भवतो. विसरित प्रकारात सुट्या पेशी जठराच्या भिंतीत पसरतात. तो तरुणांतही आढळतो. २०१४ मध्ये जनुकीय बदलांवरून चार गट पुढे आले. तथापि, या सर्वांचा आधार तोंडावाटे दुर्बीण घालून घेतलेला ऊतीचा तुकडाच होय. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटेच्या पुराने वारंवार संपर्क तुटणाऱ्या भामरागडच्या रुग्णाने आम्लपित्त समजून दुखणे अंगावर काढल्यास, प्रकार कळण्याआधीच रोगाची अवस्था पुढे सरकते. म्हणून लांबलेले अपचन, घटते वजन वा काळसर शौच दिसताच तपासणी आवश्यक ठरते.