त्रेचाळीस नंबरची गाडी

आमच्या घराण्यात मोटारीचे वेड कुणालाही नव्हते. वडिलांनी सबंध नोकरी सायकलवर काढली. माझी स्वतःची स्कूटर सकाळी सुरू झाली नाही, तर तिच्याकडे करुण नजरेने पाहण्यापलीकडे मला तिच्यासाठी काही करता येत नाही. तेव्हा परवा अमेरिकेहून परतल्यावर स्टाफरूममध्ये कुणी विचारले, "काय, नायगारा पाहिलात का?" आणि मी म्हणालो, "नाही, शर्यतीची एक मोटार बांधली," तेव्हा मंडळी खो खो हसली. ती मोटार जेमतेम नऊ इंच लांब होती, हे मी त्यांना मागाहून सांगितले.

माझा दादा नॉर्थ कॅरोलिना राज्यात शार्लट या गावी असतो. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो. सौ. आणि वहिनी यांचे सूत दुसऱ्याच दिवशी जमले. दादा सकाळी साडेसातला बाहेर पडे आणि रात्री आठला येई. आल्यावरही मांडीवर संगणक घेऊन बसे. उरलो मी आणि चौदा वर्षांचा पुतण्या. त्याला मराठी समजते, पण बोलताना तो अडतो. मला इंग्रजी बोलता येते, पण ते त्याला समजत नाही. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाने सख्ख्या पुतण्याशी खाणाखुणांनी बोलावे, हे मला फार लागले.

त्याच्या खोलीत कपाटावर एक खोका होता. खोक्यावर निळ्या मोटारीचे चित्र, तिला चोचीसारखे लांब तोंड आणि मागे उंच पंख. वरचा पातळ कागद तसाच होता. शेजारी रंग फवारण्याचे एअरब्रश नावाचे यंत्र, तेही न उघडलेले.

"हे काय रे?"

"बाबाने आणलं. दोन बर्थडे आधी. दोघांनी मिळून करायचं होतं."

रात्री जेवताना मी खोक्याचा विषय काढला. दादा उत्साहाने म्हणाला, "अरे हो, काढू या की! या रविवारी बसू." पुतण्या "राहू दे" एवढेच म्हणाला आणि ताट उचलून आत गेला. वहिनी भात कालवीत राहिली. असे रविवार बरेच होऊन गेले असावेत.

दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हटले, "मला शिकवशील?" हे वाक्य मी आयुष्यात कुणाला म्हटले असेन असे आठवत नाही, शिक्षकाच्या तोंडी ते बसतच नाही. त्याने मला जरा न्याहाळले, आणि खोका खाली काढला.

आता ही गाडी कोणती, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या या भागात 'स्टॉक कार'च्या शर्यतींचे वेड फार जुने आहे. डोंगरात चोरून गाळलेली दारू रात्री पोलिसांना चुकवून पोचवणारे लोक आपल्या साध्या दिसणाऱ्या मोटारी आतून वेगवान करून ठेवीत. सुरुवातीच्या शर्यतवीरांपैकी काही त्यांच्यातलेच. (आपल्याकडे मुंबई राज्यातल्या दारूबंदीने असे काही वीर निर्माण केल्याचे ऐकिवात नाही.) १९४८ साली बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने 'नॅस्कार' ही संस्था निघाली आणि १९४९ च्या जूनमध्ये शार्लटलाच 'स्ट्रिक्टली स्टॉक' गाड्यांची पहिली शर्यत झाली. 'स्टॉक' म्हणजे दुकानात विकायला असते तशीच. पुढे शब्द तोच राहिला आणि गाडी आतून पार बदलली. आम्हां भाषेच्या माणसांना यात नवल वाटत नाही. शब्दांचे असे नेहमीच होते.

खोक्यातली गाडी १९७० सालची प्लिमथ सुपरबर्ड. वाऱ्याला कापणारे टोकदार तोंड आणि मागची चाके जमिनीशी दाबून धरणारा पंख, ही तिची दोन शस्त्रे. पण अशी गाडी शर्यतीत उतरवायची, तर ती आधी सामान्य गिऱ्हाइकालाही विकली पाहिजे असा नियम होता. म्हणून कंपनीने दोन हजारांच्या आसपास गाड्या बनवून दुकानांत पाठवल्या. कित्येक गिऱ्हाइकांना ते ध्यान पसंत पडेना; तेव्हा काही दुकानदारांनी चोच आणि पंख काढून टाकले आणि तिला चारचौघींसारखी करून विकले! पुढच्याच वर्षी पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनावर अशी बंधने आली, की त्यांचा खेळ तिथेच आटोपला.

ही गाडी रिचर्ड पेटी यांची. दोनशे शर्यती आणि सात अजिंक्यपदे जिंकलेला हा माणूस. त्यांचे वडील ली पेटी हेही मोठे शर्यतवीर. त्यांच्या गाडीचा नंबर ४२, म्हणून मुलाने ४३ घेतला. ही हकीगत सांगताना पुतण्याची मराठी एकदम सुटली. "काका, १९५९ मध्ये रिचर्ड अटलांटात फर्स्ट आला. पहिल्यांदा. आणि कंप्लेंट कोणी केली माहितीये? त्याच्या बाबाने! लॅप मोजायला चुकले म्हणाला. मग परत मोजलं, आणि बाबाच जिंकला."

"मग रिचर्ड रागावला असेल."

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण दोघं एकाच टीममध्ये राहिले."

कामाला बसलो. प्लॅस्टिकचे भाग एका सांगाड्याला झाडाच्या फांदीला चिंचा लटकाव्यात तसे लटकलेले असतात. ते हाताने तोडायचे नाहीत, बारीक पक्कडीने कापायचे. आधी सगळे झाड भांड्यांच्या साबणाने धुवायचे, कारण साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग जिथे साच्याचे दोन भाग मिळालेले असतात तिथली रेघ पॉलिशपेपरने घासून काढायची. चिकटवायचे द्रव्य खरे पाहता डिंक नव्हेच. ते प्लॅस्टिक विरघळवते आणि दोन तुकडे एकजीव करते. त्यामुळे चुकीला क्षमा नाही. माझ्या बोटाचा एक ठसा डाव्या दारावर कायमचा उमटणार होता, तो पुतण्याने तासभर घासून काढला आणि त्यानंतर दोन दिवस "काका, नको टच करू" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले. काचेला मात्र ते द्रव्य लावायचे नाही, वाफेने ती धुरकटते. तिथे आपला साधा पांढरा फेविकॉल बरा.

इंजिन सात लिटरचे, ते नारिंगी रंगवले. आत आसन एकच आणि भोवती नळ्यांचा पिंजरा, गाडी उलटली तर माणूस चेंगरू नये म्हणून. ड्रायव्हरच्या खिडकीला जाळी लावावी की नाही, यावर आमची सकाळ गेली. १९७० च्या मे महिन्यात डार्लिंग्टनला पेटींना भयंकर अपघात झाला, त्यांचा हात खिडकीबाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिला आणि त्यानंतर जाळी सक्तीची झाली. आमची गाडी त्याआधीची. म्हणून जाळी नाही. माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी कालनिर्णयात इतकी काटेकोर दृष्टी दाखवली असती, तर मी धन्य झालो असतो.

खरी कसोटी रंगाची. पेटींचा निळा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. १९५९ च्या सुमारास त्यांच्याकडे थोडा पांढरा आणि थोडा गडद निळा रंग होता, पण गाडीभर पुरेल इतका कोणताच नव्हता. म्हणून दोन्ही एकत्र ओतले आणि हा आकाशी निळा निघाला, असे ते सांगत आले आहेत. पुढे १९७२ साली एका धनाढ्य कंपनीने सबंध गाडी लाल हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा पेटी ऐकेनात. शेवटी निळा आणि लाल दोन्ही ठेवून तडजोड झाली. तयार बाटली दुकानात मिळाली नाही, म्हणून आम्हीही पांढरा आणि निळा मिसळायला बसलो. वहिनीने एक दिवस दीड तासावरच्या लेव्हल क्रॉस या पेटींच्या गावी त्यांच्या संग्रहालयात नेले. तिथे खऱ्या पत्र्यावर तो रंग डोळ्यांत साठवून आणला आणि थेंब मोजून जुळवला. मात्र किती थेंब, हे दोघांनीही लिहून ठेवले नाही.

रंगाचा हात पातळ द्यायचा, याचे कारण पुतण्याने सांगितले. मापाने गाडी पंचविसाव्या हिश्श्याची आहे. रंगाचा थर दशांश मिलिमीटर झाला, तर खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटर जाड दिसेल. गाडी नव्हे, गिलावा केलेली भिंत! आधी करडे अस्तर, मग निळ्याचे चार पातळ हात. सकाळच्या उन्हात सगळे अंग सुरेख उतरले. बॉनेट तेवढे राहिले.

आमच्या परतीला नऊ दिवस होते, आणि मला घाई झाली होती. संध्याकाळी पाऊस पडून गेला होता, हवा घामट होती. पुतण्या म्हणाला, "आज नको." मी म्हटले, "अरे, एवढ्याशा तुकड्याला काय होतंय?" व्हरांड्यात आम्ही बॉनेट रंगवले आणि पाच मिनिटांत त्यावर दुधाची साय धरावी तसा पांढुरका पडदा आला. दमट हवेत रंगाबरोबर पाणीही बसते, असे नंतर कळले. बॉनेट अल्कोहोलमध्ये बुडवून सगळा रंग काढावा लागला. आणि बाटलीतला निळा संपला होता.

दुसऱ्यांदा मिसळलेला निळा तोच झाला नाही. किंचित गडद, उजेडात लक्षात येण्याइतका. पुतण्या काही बोलला नाही. त्याने बॉनेट बसवले, आणि मला फार अपराधी वाटले.

शेवटचे काम आकड्यांचे. डेकल म्हणजे कोमट पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे चित्र. सरळ बसले तर ठीक. सुरकुती पडली, की गेले. दारांवरचे ४३ बसले. छतावरचा ४३ सर्वांत मोठा आणि तो एकच. पुतण्याने दोनदा हात पुढे केला आणि मागे घेतला. माझे हात तर बदनामच झाले होते.

मी सहज म्हणालो, "आमचा आकाशकंदील तुझे बाबाच करायचे. पतंगाचा कागद, गव्हाची खळ, आणि एक सुरकुती दिसायची नाही. मला फक्त काड्या धरायला ठेवायचे."

तो ऐकून गप्प बसला. बाहेर दादा संगणक मांडीवर घेऊन बसला होता. साडेदहा वाजून गेले होते.

"बाबा," त्याने हाक मारली, "हात धुऊन ये."

दादा कोपरापर्यंत हात धुऊन आला, एखाद्या शस्त्रक्रियेला निघाल्यासारखा. त्याने छतावर ब्रशने पाणी फिरवले, आकडा कागदासकट टेकवला आणि कागद अलगद ओढून घेतला. पुतण्या एका डोळ्याने नेम धरून "लेफ्ट... थोडंसं... बस" म्हणत होता. मग मऊ फडक्याने मधून कडेकडे पाणी टिपून घेतले. सबंध वेळ दादाने श्वास रोखून धरला होता.

"बाबा, आता श्वास घे."

दादाने श्वास घेतला, चष्मा वर केला आणि गाडी दिव्याखाली धरून चारी बाजूंनी पाहिली.

"झकास झाली आहे. पण हे बॉनेट जरा वेगळं दिसतं का रे?"

"ते काकाने केलं," पुतण्या म्हणाला.