साने गुरुजींचे शब्द आणि आपली मुले

भोपाळमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाच्या हाती ‘श्यामची आई’ दिले, की ते पहिल्या काही पानांतच अडखळते. कोकणातले घर, तिथले सणवार, जुने घरगुती शब्द त्याने पाहिले-ऐकलेले नसतात. अशा मुलांपर्यंत साने गुरुजी पोहोचवावेत कसे, हा प्रश्न प्रस्तुत स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने माझ्यासमोर उभा राहिला, आणि उत्तरासाठी मी गुरुजींच्या चरित्राकडेच वळलो.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी पालगड येथे झाला. १९२४ ते १९३० ही सहा वर्षे ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक काढले. त्यांच्या लेखणीला वळण लागले ते इथे. समोर मूल बसले आहे असे धरूनच ते लिहीत. म्हणून त्यांची वाक्ये लहान आहेत, बोलण्यातली आहेत, आणि उपदेशाच्या आधी प्रसंग येतो. न्हाऊन आलेला श्याम तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरतो. आई तो हट्ट पुरविते आणि मगच सांगते, की अशीच काळजी मनाचीही घ्यावी. आधी तळवे, मग मन, हा क्रम उलटा असता तर तो प्रसंग कोणाच्याच लक्षात राहिला नसता.

१९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले. त्यानंतरचे तुरुंग त्यांच्या दृष्टीने जणू पाठशाळाच ठरले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबत्यांच्या सहवासात ते तमिळ शिकले. ‘तिरुक्कुरळ’ त्यांनी मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली.

गुरुजींचे लेखन हळवे आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु याच हळव्या माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले. ते दहा दिवस चालले आणि मंदिर खुले झाले. जे अश्रू असे कृतीपर्यंत नेतात, त्यांना दुबळे कसे म्हणावे?

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. भारतीयांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांचे साहित्य जाणावे, हा तिचा गाभा. त्रिचनापल्लीत स्वतः जे आचरले, तेच त्यांनी देशापुढे ठेवले. ११ जून १९५० रोजी त्यांच्या जीवनाचा अंत झाला. ती कल्पना तशीच अपुरी राहिली.

आता आपल्याकडे पाहू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि सरकारी सेवेतील अनेक मराठी कुटुंबे या शहरात आली. त्यांच्या नातवंडांची शाळेतली आणि अंगणातली भाषा हिंदी आहे. पुष्कळ पालकांना ही उणीव वाटते. मला तसे वाटत नाही. गुरुजींना तमिळ प्रौढपणी, तुरुंगात कमवावी लागली. आपल्या मुलांना दोन भाषा बालपणीच मिळाल्या आहेत. उणीव आहे ती दुसरीच. घरातून मराठी वाचून दाखविणारा आवाज कमी झाला आहे.

‘श्यामची आई’ची रचनाच आपल्याला मार्ग दाखविते. श्याम रोज रात्री सोबत्यांना आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री आहेत. ते पुस्तक ऐकण्यासाठी आहे. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की मुलाच्या हाती पुस्तक देऊन उठून जाऊ नये. रोज एक रात्र मोठ्याने वाचावी, अडलेला शब्द थांबून सांगावा, आणि शेजारचे हिंदीभाषी मूल आले तर त्यालाही बसवून घेऊन आपल्या मुलालाच ती गोष्ट हिंदीत सांगू द्यावी.